ती वही ठेवू की जाळू?

माणदेशी

या फोरमवर मी एरवी पाऊस आणि जुन्या गाड्या यांवरच लिहितो. आज वेगळं विचारायचं आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एमडी मेडिसिन, वय ४८. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं २० खाटांचं हॉस्पिटल आहे. २०२० च्या सप्टेंबरात त्याला डीसीएचसीची मान्यता मिळाली, म्हणजे ऑक्सिजन लागणारे कोविडचे पेशंट घ्यायचे. पहिली लाट निभावली. दुसरीत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, २० खाटांवर २६ जण होते. सहा जण जनरल वॉर्डाच्या पॅसेजमध्ये, गादीवर.

लिक्विड ऑक्सिजनचा टँक आमच्याकडे नव्हता. जंबो सिलिंडर, मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्यांचा ऑक्सिजन एकत्र नेणाऱ्या नळीला, जोडलेले. एका जंबोत साधारण सात हजार लिटर. एका पेशंटला मिनिटाला १५ लिटर लावलं तर पावणेआठ तास जातो. आमचा सगळा वॉर्ड मिळून मिनिटाला २०० लिटर ओढायचा, म्हणजे दर ३५ मिनिटांनी एक सिलिंडर रिकामा. हा भागाकार मी अजून झोपेत करतो. सिलिंडर बदलताना मॅनिफोल्डमधून जो फुस्स आवाज यायचा, तसाच शिट्टी व्हायच्या आधी कुकरचा येतो. बायकोने त्यामुळे डाळ शिजवायची वेळ बदलली आहे. मी दुपारी ओपीडीत असतो तेव्हा लावते. मला सांगितलं नाही तिने, मला कळलं.

आता वहीचं. नातेवाइकांना आत सोडता येत नव्हतं म्हणून मी एक २०० पानी वही केली होती. पेशंटचं नाव, खाट नंबर, घरच्यांपैकी कुणाशी बोलायचं, मोबाईल. रोज संध्याकाळी सगळ्यांना फोन. रात्री कुणी गेलं तर फोन मीच करायचा, हे मीच ठरवलं होतं. आमचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातच ड्यूटीला असणारा डॉक्टर, पंचविशीतला पोरगा, पहिला असा फोन त्याने केला आणि उठून बेसिनपाशी गेला. त्यानंतर त्याला सांगितलं, तू सलाईन बघ, फोन माझ्याकडे. फोन झाला की नावापुढे वेळ लिहायची.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली एक रात्र. आमच्याकडे एचएफएनसी मशीन, म्हणजे नाकातून जोराने भरपूर ऑक्सिजन देणारं, एकच. त्यावर ७१ वर्षांचे एक गृहस्थ, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चौथा दिवस. मिनिटाला ६० लिटरवरही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८२-८३. ते मशीन एकटं दोन तासांत एक जंबो संपवायचं. रात्री दोनला सिलिंडर उरले होते ११, भरायला गेलेली गाडी परतली नव्हती, आणि दारात रिक्षात ३४ वर्षांचा एक मुलगा, सॅच्युरेशन ६१, बोलायला गेला की ओठ निळे पडत होते. पंढरपूर झालं होतं, सोलापूर झालं होतं, कुठेच खाट नव्हती.

मी आजोबांचं मशीन काढून त्याला लावलं. आजोबांना नुसता एनआरबीएम, म्हणजे पिशवीचा ऑक्सिजन मास्क. विचारलं कुणालाच नाही. विचारायला होतं कोण? आजोबांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं असावं असं मला वाटतं. ४.१० ला ते गेले.

४.२५ ला त्यांच्या मुलाला फोन केला. 'वय होतं. फुप्फुसं फार खराब झाली होती. आम्ही शेवटपर्यंत प्रयत्न केले.' या तीन वाक्यांत धादांत खोटं असं काही नाही. मशीनचा उल्लेखही नाही. मुलगा म्हणाला, 'डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून एवढे दिवस तरी काढले त्यांनी.'

तो ३४ वर्षांचा मुलगा वाचला. त्याची डाळिंबाची बाग आहे. दर दिवाळीला भगव्याची एक पेटी घरी पाठवतो, यंदाही पाडव्याला आली. सगळं फळ एकाच आकाराचं, निवडून ठेवलेलं. मी ती स्टाफला वाटून टाकतो. घरात वाटीत सोललेले दाणे दिसले तरी उठून बाहेर जातो.

बाकी तक्रारी अशा. पहाटे चारच्या आसपास जाग येते, मग नाही. मोबाईलची रिंग बंद आहे, कायमची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हल्ली कुणी दगावलं तर नातेवाइकांना मी सांगू शकत नाही. साधा ८५ वर्षांचा, हृदयविकाराचा पेशंट, घरच्यांची मानसिक तयारी झालेली, तरी मी सिस्टरला पुढे करतो आणि केबिनमध्ये फाइल चाळत बसतो. फिजिशियनने हे करायचं नसेल तर काय करायचं? दीड वर्षापासून रात्री अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणारी गोळी, घेतो, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आता ०.५. स्वतःच.

सोलापुरातले बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ मला ओळखतात, आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, मीटिंगला शेजारी बसतात. आणि औषध लिहून दिलं तरी ती चिठ्ठी घेऊन जाणार कुठे? गावातल्या मोठ्या मेडिकलला, जे माझ्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आहे.

वही टेबलाच्या खालच्या खणात आहे. अडीच वर्षं उघडलेली नाही. बायको म्हणते जाळून टाक, मोकळा होशील. तुम्हाला काय वाटतं? आणि त्या कंडक्टरच्या मुलाला खरं सांगावं का? तो याच तालुक्यात आहे. बाजारात दिसतो. नमस्कार करतो.

वास्तववादी

डॉक्टरसाहेब, भावना पोचल्या. पण माझ्या मेव्हण्याचं बिल झालं होतं साडेचार लाख. सरकारने खासगी हॉस्पिटलांना दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४०००, आयसीयूत ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. तरी पीपीई किटचे पैसे रोज वेगळे लावले, एक किट घालून दहा पेशंट बघायचे आणि दहाही बिलांत किट. त्या काळात झोप कुणाकुणाला लागत नव्हती ते आम्हालाही विचारा. चौकात 'देवदूत' म्हणून फ्लेक्स लागले होते, त्यांच्या खालीच आम्ही मंगळसूत्र मोडायला सराफाकडे गेलोय.

माणदेशी

तुमचा राग खरा आहे, खोडून काढत नाही. माझ्याकडची बिलंही ऑडिटरने तपासली. दोन बिलांत जास्त लागले होते, ते परत केले. चूक अकाउंटची होती असं म्हणालो, पण सही माझीच होती. त्या फ्लेक्सवर माझाही फोटो होता, खाली एमबीबीएसचं स्पेलिंग चुकलेलं. (माझा प्रश्न त्याबद्दल नाही, एवढंच.)

गोदाकाठ

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे निदान करणार नाही, करूही नये. तरी चार गोष्टी सांगतो.

पहिली, अल्प्राझोलाम. उद्यापासून एकदम बंद करू नका. दीड वर्ष रोज घेतलेली गोळी तोडली की झोप आणखी उडते, घबराट वाढते, क्वचित फिटही येते. तुम्ही पेशंटला हेच सांगत असाल. मात्रा हळूहळू उतरवायची, आणि ती दुसऱ्या कुणीतरी उतरवायची. स्वतःचं प्रिस्क्रिप्शन स्वतः लिहिणारा डॉक्टर हा माझ्या ओपीडीतला सगळ्यात उशिरा येणारा पेशंट.

याला 'बर्नआउट' म्हणून मोकळं होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. सुट्टी, झोप, कामाचे तास यांनी तो बराच उतरतो. तुमचं वर्णन वेगळं आहे. आवाजाने परत तिथे जाणं, फोन, फळ आणि मृत्यूची बातमी टाळणं, ठरावीक वेळेची जाग. हे आघातानंतरच्या तणावाकडे झुकतं. आणि त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, तिला इंग्रजीत मॉरल इंज्युरी म्हणतात. जोनाथन शे नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना हा विचार मांडला. आपल्याला जे बरोबर वाटतं त्याच्याविरुद्ध आपल्याच हातून काही घडलं, किंवा घडवावं लागलं, त्याची जखम. भीतीवरचं औषध या जखमेवर पुरं पडत नाही. तिच्याबद्दल बोलावं लागतं, आणि ऐकणाऱ्याने 'तुमची काही चूक नव्हती हो' म्हणून घाईघाईने तोंड बंद करायचं नसतं.

उपचार आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणी हाताळणारी थेरपी) आहे, गरज पडली तर एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवरची) औषधं. तीन-चार महिन्यांत बहुतेकांना फरक जाणवतो.

गावचं म्हणाल तर सोलापूर सोडा. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हापासून व्हिडिओवर तपासणं रीतसर आहे. नागपूरचा, नाशिकचा, कुठलाही माणूस निवडा, ज्याच्याबरोबर तुम्ही कधी जेवला नाहीत असा. औषधं त्या शहरातून कुरियरने मागवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार माहिती गुप्त ठेवणं हे आमच्यावर बंधन आहे, मेहेरबानी नाही. आणि पहाटे चारला फारच अंगावर आलं तर १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात. नाव सांगायची सक्ती नाही. डॉक्टरही लावतात, लाजू नका.

न्यूयॉर्कमधल्या डॉ. लॉर्ना ब्रीन या इमर्जन्सीच्या प्रमुखांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली. मदत घेतली तर लायसन्स जाईल या धास्तीत त्या होत्या, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. २०२२ मध्ये तिथे त्यांच्या नावाने कायदा झाला, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी. आपल्याकडे लायसन्सची भीती कमी आणि 'डॉक्टरच वेडे झालेत' या गावगप्पांची जास्त. पण माणूस दोन्हीकडे एकटाच पडतो. मनात कधी जगणं नको असा विचार येतो का, हे मी तुम्हाला इथेच विचारतो. उत्तर इथे देऊ नका, व्यक्तिगत निरोपात द्या. आजच.

वही जाळू नका. निदान आत्ता नाही, आणि एकट्याने तर नाहीच. त्या मुलाला सांगायचं की नाही, हेही आत्ता ठरवू नका. आपलं ओझं हलकं करायला दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं.

आयसीयूवाला

पुण्यात अतिदक्षता विभागात आहे. गोदाकाठ यांनी मनाचं सांगितलं, मी मशीनचं बोलतो.

७१ वय, एचएफएनसीचा चौथा दिवस, ६० लिटरवर ८२. माणदेशी, तुम्हाला माहीत आहे पुढची पायरी काय होती. ट्यूब टाकून व्हेंटिलेटर, जो तुमच्याकडे नव्हता. आमच्याकडे सगळं असूनही त्या महिन्यात अशा पेशंटपैकी फार थोडे घरी गेले. तुम्हाला सुटका द्यायची म्हणून हे लिहीत नाही. तो निर्णय मी कदाचित तसाच घेतला असता. पण मला तो एकट्याने घ्यावा लागला नसता, आमच्याकडे दुसरा कन्सल्टंट फोनवर असायचा.

इटलीत मार्च २०२० मध्येच तिथल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतातज्ज्ञांच्या संघटनेने लेखी काढलं होतं, खाटा कमी पडल्या तर कुणाला आधी घ्यायचं. त्यात वयाचा विचार आहे म्हणून टीकाही खूप झाली. पण तिथल्या डॉक्टरच्या हातात एक कागद तरी होता. अशा वेळी एरवीची शिफारस असते की मशीन कुणाला द्यायचं हे खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरने ठरवू नये, वेगळ्या दोघा-तिघांनी ठरवावं. म्हणजे ज्याने आजोबांचा हात धरलाय त्यालाच मास्क काढायला लागत नाही. तालुक्याला रात्री दोनला ते दोघे-तिघे कुठून आणणार, हे मला कळतं.

एक सुचवतो. एरवी आपल्याकडे मृत्यू झाला की मॉर्टॅलिटी मीटिंग होते. केस मांडायची, चार जण उलटसुलट विचारतात, शिव्याही बसतात, पण ते संपतं. कोविडच्या मृत्यूंचं डेथ ऑडिट झालं म्हणजे फॉर्म भरले गेले. केस कुणी मांडलीच नाही. तुमची ही केस अजून मांडायची राहिली आहे. वही आणि त्या रात्रीची नोंद घेऊन बसा, मी आणि माझा एक सहकारी ऑनलाइन येतो. आम्ही सौजन्याने बोलणार नाही, केस ऐकतो तशी ऐकू. आधी गोदाकाठ यांची परवानगी घ्या मात्र.

अनामिका७९

मी डॉक्टर नाही. माझे बाबा २०२१ मध्ये रामनवमीच्या रात्री गेले, दुसऱ्या एका जिल्ह्यात. फोन मला आला, १२ वाजून ७ मिनिटांनी, लॉग अजून ठेवला आहे. डॉक्टर म्हणाले वीस मिनिटं झाली. म्हणजे पावणेबारा, म्हणजे नवमी. कागदावर तारीख पडली दुसऱ्या दिवसाची, कारण नोंद सकाळी झाली. आता भाऊ दाखल्यावरची तारीख धरून दशमीला श्राद्ध करतो आणि मी नवमीला नैवेद्य दाखवते. यावरून आमचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. तुम्ही हसाल, पण आमच्या घरात बाबा दोनदा जातात.

त्या हॉस्पिटलला विचारायला गेले तर असं रजिस्टर नाही म्हणाले. तुमच्या वहीत वेळ लिहिलेली आहे. जाळणार असाल तर एवढं लक्षात घ्या की ती फक्त तुमची वही नाही.

गोदाकाठ सरांचं एक मला पटलं नाही. मला जर कुणी सांगितलं असतं की बाबांचं मशीन काढून दुसऱ्याला लावलं, तर मी खूप आरडाओरडा केला असता, केस करते म्हटलं असतं. तरीही मला ते कळायला हवं होतं. 'प्रयत्न केले' या वाक्याला हात लावायला जागाच नसते. त्या कंडक्टरच्या मुलाला काय वाटेल ते मला माहीत नाही. तो नमस्कार करतो म्हणजे त्याला काही विचारायचं नाहीच, असं धरू नका.

गोदाकाठ

अनामिका, मान्य. 'सांगू नका' नाही म्हटलं मी, 'आत्ता ठरवू नका' म्हटलं. पण माझा सूर दार लावून घेणारा होता, ते खरं.

तिसरी पाळी

मी स्टाफ नर्स. सरकारी कोविड सेंटरला कंत्राटावर होते. ऑगस्ट २०२१ ला कार्यमुक्त केल्याचं पत्र व्हॉट्सअॅपवर आलं, तेही ग्रुपवर. आता खासगीत आहे.

माणदेशी सर, तुमच्याकडे वही तरी होती. आमच्याकडे मोबाईल होते. पेशंट गेला की त्याचं सामान पिशवीत भरायचं, चष्मा, कवळी, चार्जर, मोबाईल. पिशवीवर मार्करने नाव. आणि तो मोबाईल पिशवीत वाजत राहायचा. स्क्रीनवर 'घर'. किंवा 'छकुली'. आम्ही उचलायचा नाही अशी ऑर्डर होती, डॉक्टर सांगतील म्हणून. तुम्ही रिंग बंद ठेवता, मी व्हायब्रेटही सहन करू शकत नाही, टेबलावर ठेवलेला फोन घुरघुरला की पोटात गोळा येतो. बसमध्ये शेजारच्याच्या पिशवीत वाजला तर मी जागा बदलते.

सिस्टरला पुढे करता म्हणालात ना, त्या सिस्टरलाही एकदा विचारा. तिलाही जमतच असेल असं नाही. तुमच्याकडे मेडिकलची चिठ्ठी कुठे न्यायची हा प्रश्न आहे, आमच्याकडे रजा मागितली तर पगार कापतात हा आहे. रागावून नाही लिहिलं हो. थाळ्या वाजवल्या तेव्हा मीही गच्चीत जाऊन रडले होते, चांगलं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

माणदेशी

चार दिवसांनी लिहितोय.

गोदाकाठ, निरोप पाठवला होता, तुम्ही लगेच फोन केलात. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. नागपूरच्या ज्यांचं नाव तुम्ही दिलंत त्यांच्याशी गुरुवारी व्हिडिओवर पहिली भेट झाली. मी गाडीत बसून बोललो, गाव सोडून चार किलोमीटरवर, बाभळीखाली. अल्प्राझोलाम आता त्या ठरवणार.

तिसरी पाळी, आमच्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, 'सर, तुम्ही केबिनमध्ये जाता तेव्हा मी आधी बाथरूममध्ये जाते, मग सांगते.' अकरा वर्षं आहेत त्या माझ्याकडे. तिथेच उभा राहिलो मी. आता ठरलंय की दोघांनी मिळून सांगायचं. काल एक वेळ आली. बोलल्या त्याच, मी शेजारी थांबलो. एवढंच जमलं.

आयसीयूवाला, मीटिंग करायची आहे, पण नागपूरच्या डॉक्टर बाई म्हणाल्या एक महिना थांबा.

वही काल रात्री उघडली. बायको शेजारी बसली होती. मला वाटत होतं शंभरावर असतील. वेळ लिहिलेली नावं ४३ आहेत. बाकी बहुतेक पानं घरी गेलेल्यांची आहेत, ती मी विसरलोच होतो. आजोबांच्या नावापुढे ४.२५ आहे, अक्षर नेहमीसारखं सरळ. हात कापला असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

अनामिका, ४३ पैकी सहा जण रात्री बारा ते एकच्या मधले आहेत. त्यांचे दाखले आमच्याकडूनच गेलेत, सोमवारी बसून तारखा ताडून बघणार आहे. चुकल्या असतील तर दुरुस्तीसाठी काय लागतं ते ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत विचारतो. कंडक्टरच्या मुलाचं अजून काही ठरलेलं नाही.

आणि एक. नऊ नावांपुढे वेळ नाही. तिथे माझ्याच अक्षरात 'उचलला नाही' लिहिलंय, काही ठिकाणी दोनदा, तीनदा. पुढे काहीच नाही. त्या घरांना कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, मला आठवत नाही. काल रात्रभर तेच.

तिसरी पाळी

सर, आमच्याकडे तरी अशांना सकाळची पाळी सांगायची. आठ वाजता डबा घेऊन गेटवर यायचे ना ते.